खांबावरचा तांब्या

फाटकावर गाड्यांची रांग लागायची बंद झाली, तेव्हा मनकर्णाला पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं माणसांत राहत होतो.

एरवी ती सारखी करवादायची. श्रीगोंद्याच्या कारखान्याचं धुराडं पेटलं की तिच्या फाटकाला उसंत नसे. उसाच्या बैलगाड्या, ट्रक, फुफाटा उडवत येणारी एसटी, मेंढरं, बाजाराच्या बाया, सगळ्यांना नेमकं मालगाडीच्या वेळेलाच पलीकडे जायचं असे. स्टेशन लहान, रूळ एकच. समोरासमोरून दोन गाड्या आल्या की एकीला बाजूच्या रुळावर घ्यायचं, दुसरी जाऊ द्यायची आणि हे सगळं होईतो फाटक बंद. रांग पार ओढ्यापर्यंत जाई. बैल जागेवर मुतत, गाडीवान उसाचं कांडं मोडून खात आणि वर केबिनकडे बघून बन्सीच्या नावाने शिव्या घालत.

बन्सी म्हणजे मनकर्णाचा नवरा. फाटकाला खेटून दगडी केबिन होती. वरच्या मजल्याला चारी बाजूंनी काचा आणि आत लोखंडी खटके ओळीने उभे. खटका ओढला की लांबवर सिग्नलचा हात खाली पडायचा. त्यातला एक खटका फाटकाचा होता. वरून घंटी वाजली की मनकर्णाने खाली फाटक लावायचं, मग बन्सी तो खटका ओढायचा, आणि एकदा ओढला की खाली तिने कितीही जोर केला तरी फाटक उघडायचं नाही. "वरनं सुटल्याबिगर खालनं उघडत न्हाई," हे तिने इतक्या जणांना सांगितलं होतं की गावातली पोरं तिला बघितलं की तेच म्हणून दाखवत. घरात कोण कोणाच्या मुठीत होतं हा प्रश्न वेगळा. बन्सी बोलण्याच्या बाबतीत भलता कंजूष. खटके ओढून ओढून त्याचा उजवा खांदा असा धरला होता की सदरा घालताना बायकोची मदत लागे, आणि ती मदतही तो बोलून मागत नसे, नुसती बाही पुढे करी. लेक बेलापूरला दिलेली, ती सणावाराला येई. बाकी दिवसभर तो वर आणि ही खाली.

फाटकाजवळच्या लिंबाखाली बन्सीच्या आईने रांजण पुरला होता. उन्हात खोळंबलेल्या माणसाला घोटभर पाणी मिळावं, एवढाच त्या म्हातारीचा हेतू. म्हातारी गेली, रांजण राहिला आणि मनकर्णा तो रोज घासून भरत राहिली. त्याचं पाणी ट्रकवाले पीत, धनगर पीत, लांबून आलेला कोणीही पिई. गावचे मात्र पीत नसत. छपन्न सालानंतर वस्तीतल्या सगळ्या घरांबरोबर बन्सीने दीक्षा घेतली, देव्हारा गेला, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. गावाच्या लेखी त्याने काही फरक पडला नव्हता. उन्हात तापून लाल झालेला गाडीवानसुद्धा गाडीला टांगलेल्या बुधल्यातलं गरम पाणी पिऊन रांजणाकडे पाठ करून बसायचा. मनकर्णाने त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. निदान ती तसं म्हणायची.

आणि तरीही तिला मैत्रीण होती ती गावातलीच. आक्काबाई. चांगल्या बागायतदाराच्या घरची, गोरक्षनाथाची बायको. घर रुळाच्या अलीकडे, मळा पलीकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तिला फाटक ओलांडावंच लागे. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इकडे आलेल्या. फाटक बंद असलं की आक्काबाई डोक्यावरची पाटी उतरवून लिंबाखालच्या धोंड्यावर बसायची आणि बोलायला लागायची. सासूचा जाच, गुडघ्याची कळ, थोरलीचं जमत नाही, धाकटीचं लई लवकर जमतंय. गाडी धडधडत आली की बोलणं तिथेच तुटायचं, फाटक उघडलं की ती पाटी उचलून चालायला लागायची आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तुटलं होतं तिथून पुढे सुरू करायची. मनकर्णा कधी कधी मनातल्या मनात म्हणायची, आज गाडी जरा लेट होऊ दे.

एकदा मनकर्णा तिच्या घरी गेली होती, दोडक्याचं बी आणायला. आक्काबाईने आग्रहाने चहा केला. गोठ्याच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यात कान तुटलेला कप आणि टवका गेलेली बशी पालथी घातलेली असायची, वस्तीवरच्या माणसांसाठी. मनकर्णाने त्या कपात चहा घेतला, गोठ्यातल्या डेऱ्याच्या पाण्याने कपबशी विसळली आणि होती तशी देवळीत पालथी घालून ठेवली. कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाटकावर दोघी दोडक्याच्या वेलाबद्दल बोलत होत्या.

मग पावसाने एक साल हुलकावणी दिली, आणि दुसऱ्या साली तर तो वाटच विसरला. ऊस वाळून चाऱ्याला गेला, मग चाराही संपला. बैल विकले गेले. कारखान्याचं धुराडं गार पडलं. रस्त्यावर नुसता वारा आणि धूळ. मनकर्णा घंटी वाजली की फाटक लावायची, गाडी जायची, ती फाटक उघडायची, आणि दोन्ही बाजूंना कोणी नसायचं. कोणासाठी लावलं आणि कोणासाठी उघडलं, असं तिला होऊन जायचं. कधी काळी ज्या गाडीवानांच्या शिव्यांनी तिचं डोकं उठायचं, त्यातली एखादी शिवी ऐकायला मिळाली असती तरी तिला बरं वाटलं असतं. बन्सीला ती हे सांगायला गेली तर तो म्हणाला, "काम कमी झालं, बरं झालं की." झालं. एवढंच.

स्टेशनातली विहीर आटली तेव्हा रेल्वेने आपल्या माणसांसाठी पाणी पाठवायला सुरुवात केली. मालगाडीला पाण्याची टाकी जोडून येई. नळीने प्रत्येकाचं पिंप भरून मिळे. स्टेशन मास्तरांनी बजावलं होतं, हे पाणी रेल्वेच्या माणसांपुरतं. पण गावाला रोज दिसत होतं की आपल्या घागरी कोरड्या आणि फाटकवालीचं पिंप भरलेलं.

पहिली आली ती आक्काबाईच. दिवस मावळताना, पदराखाली पितळी कळशी घेऊन. रस्त्याच्या कामावर खडी फोडून आली होती. बागायतदाराची सून खडीवर जाते हे दिसू नये म्हणून ती पदर नाकापर्यंत ओढून फाटकातून जायची. पण हातांना बांधलेल्या चिंध्या कशा लपणार? मनकर्णाने काही न विचारता तांब्या पिंपात बुडवला.

आक्काबाईने कळशी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. "कळशीला हात लावू नगं, मनकर्णे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "वरनं वत. घरात म्हातारी इचारती."

मनकर्णाने वरून ओतलं. कळशी भरेपर्यंत दोघीही पाण्याकडेच बघत होत्या. त्या दिवशी तिला जे लागलं ते तिने बन्सीलासुद्धा सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दिवस कलला तशी ती रस्त्याकडे डोळे लावून बसली, आणि कळशी घेऊन येणारी आक्काबाई दिसली तेव्हा तिला बरंच वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

हळूहळू आणखी चार घरच्या बाया यायला लागल्या. गावाने एक सोय काढली होती. ते त्या पाण्याला इंजिनाचं पाणी म्हणत. इंजिनाला जात नसते. ते पाणी मनकर्णाच्या पिंपात येतं आणि तिच्या तांब्याने निघतं, तेवढा भाग सगळ्यांनी मिळून बघायचा नाही असं ठरवलं होतं. पिंप लवकर तळाला जाऊ लागलं. मनकर्णाने न्हाणं कमी केलं, लुगडं दोन-दोन दिवस तसंच नेसलं. बन्सी एकदा पिंपात वाकून बघत म्हणाला की मास्तरांच्या कानावर गेलं तर माझी नोकरी जाईल. ती म्हणाली, जाऊ द्या. त्या दिवसापासून तो केबिनमधला आपला पाण्याचा डबा अर्धाच भरून नेऊ लागला.

वैशाखात एका दुपारी खडीवरच्या बाया घोळक्याने परतत होत्या. मालगाडी सुटली होती, फाटक लागलं होतं. उन्हाने रूळ चकाकत होते, बघवत नव्हतं. बाया फाटकापलीकडे उभ्या होत्या आणि त्यांच्यातली एक हळूच खाली बसली, मग आडवी झाली. आक्काबाई. हातोडा हातातच होता.

मनकर्णा तांब्या घेऊन धावली. दोन्ही फाटकांखालून वाकून पलीकडे गेली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठांना तडे गेलेले, डोळे पांढरे. आधी तिने ओंजळीत ओतायला बघितलं, पण आक्काबाईच्या हातात ओंजळ धरायचं बळ कुठे होतं? सगळं पाणी मातीत गेलं. तेव्हा मनकर्णाने तांब्याच तिच्या तोंडाला लावला. आक्काबाई प्यायली. घटाघटा, तांब्याच्या काठाला ओठ चिकटवून, दोन्ही हातांनी मनकर्णाचं मनगट गच्च धरून. मालगाडी जाईपर्यंत बाकीच्या बाया लांबच उभ्या होत्या. एकीने तोंड फिरवलं. फाटक उघडल्यावर त्यांच्यातल्या दोघींनी आक्काबाईला खांद्याला धरून नेलं.

त्यानंतर कळशी आली नाही. आक्काबाई कामाला जायची तेव्हा मध्ये दोन बाया घालून जायची. मनकर्णाने एकदा "आता बरं हाय का?" म्हणून विचारलं, तर तिने मान हलवली की नाही तेही कळलं नाही. मग मनकर्णानेही विचारायचं सोडलं. जीव वाचवला याचा तिला पस्तावा नव्हता. पण पूर्वी पाणी दिलं नव्हतं तेव्हा बोलणं होतं, आणि पाणी दिल्यावर बोलणं गेलं, हे गणित तिला काही केल्या सुटत नव्हतं. दुपारी लिंबाखालचा तो रिकामा धोंडा बघवत नाही म्हणून तिने त्यावर कंदिलाच्या काचा वाळत घालायला सुरुवात केली.

पुढच्या साली पाऊस झाला. फार नाही, पण बाजरी उभी राहिली. विहिरींना पाणी आलं, इंजिनाच्या पाण्याची गरज संपली, आणि गाव पुन्हा आपापले बुधले घेऊन फाटकावर थांबू लागलं. दसऱ्याच्या सुमाराला कणसांच्या गाड्या सुरू झाल्या. रांग परत ओढ्यापर्यंत जाऊ लागली. शिव्याही परत आल्या. मनकर्णाने इतके दिवस ज्याची वाट बघितली ते सगळं आलं, आणि तिला त्यात आता गोडी वाटेना. आक्काबाई गाडीत कणसांवर बसून यायची, गोरक्षनाथ गाडी हाकायचा. फाटक बंद असलं की ती बैलांच्या शिंगांकडे बघत बसायची. खाली उतरत नसे.

बन्सी हे सगळं वरून काचेतून बघत होता. बोलला अर्थातच नाही. पण एक दिवस अशीच गाड्यांची रांग असताना मालगाडी गेली, शेवटचा डबा लांब गेला, सिग्नलचा हात वर झाला, आणि फाटकाचा खटका काही सुटेना. मनकर्णाने फाटकाला हात लावून बघितला. गच्च. तिने वर बघितलं. बन्सी काचेकडे पाठ करून उभा होता.

अख्ख्या नोकरीत ज्या माणसाने जावयासाठीसुद्धा कधी फाटक लवकर उघडलं नव्हतं, त्याने आज ते उगाच लावून धरलं होतं. तिला कळलं. गोरक्षनाथाची गाडी सगळ्यात पुढे, तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. ती गाडीजवळ गेली.

"बाजरी बरी झाली म्हनायची," ती म्हणाली.

"हाय आपली," आक्काबाई बैलांकडे बघत म्हणाली.

मागून आरोळ्या सुरू झाल्या. केबिनवाला झोपला काय, कोणीतरी वर जाऊन बघा. बैलांनी माना हलवल्या. आक्काबाईने पदर पुढे ओढला. तिचा चेहरा असा झाला की मनकर्णाला खडीवरून परतणारी ती आठवली. तिच्याने ते बघवेना. तिने हातातली हिरवी झेंडी वर करून बन्सीला जोरात हलवली. खटका सुटला. गाड्या गेल्या.

जेवायला वाढताना ती नवऱ्याला म्हणाली, "कोंडून ठिवलं म्हंजी मानूस बोलतंय व्हय?" बन्सी भाकरी कुस्करत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मला दुसरं काय येतंय?" मग मात्र तिला त्याच्यावर रागावता येईना.

त्यानंतर काही दिवसांनी, उन्हं उतरली होती, मनकर्णा कंदिलाच्या काचा पुसत होती. रस्ता मोकळा, फाटक सताड उघडं. आक्काबाई एकटीच मळ्याकडून आली, रूळ ओलांडून अलीकडे आली, आणि थांबली. डोक्यावरची पाटी उतरवली.

"फाटक उघडं हाय, आक्काबाई," मनकर्णा म्हणाली.

"दिसतंय की. बंद असल्यावर समदेच थांबत्यात."

मनकर्णाने धोंड्यावरच्या काचा उचलल्या. आक्काबाई बसली. मग ती बोलायला लागली, नेहमीसारखी, जणू कालच बोलणं तुटलं होतं. त्या दुपारी बायांनी तिला घरी नेलं ते सासूने उंबऱ्यातच अडवलं. अंगावर गोमूत्र शिंपडलं आणि गोठ्यात बसवलं. आठवडा उलटून गेला तरी घरात घेतलं नाही. जेवण लांबून सरकवायचे. गोरक्षनाथ आईपुढे काही बोलला नाही. हे सगळं सांगताना तिचा आवाज हलला नाही. पुढचं सांगताना हलला.

"च्या द्यायची त्या देवळीतल्या कपात," ती म्हणाली. "प्यायचा, इसळायचा, पालथा घालायचा. रोज घालत हुते." ती आपल्या हातांकडे बघत राहिली. खडीचे घट्टे अजून तसेच होते. "तुला त्याच कपात च्या देताना माज्या हाताला कवा काय वाटलं न्हाई गं. म्हनून तुज्याकडं बघायला व्हईना मला."

मनकर्णाला राग यायचा असता तर तो आत्ताच यायला हवा होता, पण इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकूनच तिचे डोळे भरून आले होते. ती उठली, रांजणातून तांब्या भरला आणि पुढे केला. आक्काबाईने सवयीने ओंजळ धरली. मनकर्णाने ओतलं नाही. तांब्या धरून तशीच उभी राहिली.

वरून घंटी वाजली. पॅसेंजर सुटली होती. मनकर्णाने भरलेला तांब्या फाटकाच्या खांबावर ठेवला, अलीकडचं फाटक ओढून लावलं, रूळ ओलांडून पलीकडचं लावलं आणि झेंडी घेऊन तिकडेच उभी राहिली. तिने वळून बघितलं तेव्हा आक्काबाईची ओंजळ अजून तशीच रिकामी धरलेली होती. मग गाडी मध्ये आली. डब्यामागून डबे, खिडक्यांतून अनोळखी तोंडं, धूर, कोळशाची कच. कधी नव्हे ती पॅसेंजर तिला मालगाडीइतकी लांब वाटली.

गाडी गेली तेव्हा धोंड्यावर कोणी नव्हतं. गावाच्या रस्त्याने पाटी घेतलेली एक बाई लांब जाताना दिसत होती.

मनकर्णा रूळ ओलांडून अलीकडे आली. तांब्या खांबावर होता, पण पालथा. तिने तो उचलला. आतून ओला. खांबाखालची माती विसळलेल्या पाण्याने भिजली होती. आक्काबाई त्याच तांब्याने प्यायली होती, आणि देवळीतल्या कपासारखा तो विसळून, पालथा घालून गेली होती.

ती प्यायली याचा आनंद मनकर्णाला झाला. "इसळायची काय गरज हुती, आक्काबाई," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं. वर खटका सुटल्याचा आवाज झाला. तिने दोन्ही फाटकं उघडली, पलीकडे जायला कोणी नव्हतं तरी.

मग तिने रांजणातून तांब्या पुन्हा काठोकाठ भरला आणि खांबावर सुलटा ठेवला. आक्काबाई सकाळी मळ्याला याच वाटेने जाणार होती.